दोन बोटींपलीकडून

रात्री पावणेतीनला फोन. अन्स्ट बेटावरून. ओस्ला.
आधी तिनं हवामान सांगितलं, इथली रीतच ती:
वारा वायव्येचा, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार निखळलंय.
मग म्हणाली, पीरीच्या तोंडातून माझी शाल लोंबतेय.

शाल नव्हे, शालीचा धागा.
एक टोक सुईवर, टाक्यांच्या रांगेला धरून,
दुसरं मांजराच्या आत, कुठवर ते देव जाणे.
मध्ये स्वयंपाकघराची गार फरशी
आणि फरशीवर गुडघे टेकून अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई,
एका हातात फोन.

दुसऱ्या हातात काय आहे? मी विचारलं.
ती गप्प.
ओस्ला, सोड तो धागा.
थोडासाच ओढणार होते, ती म्हणाली, हळूच.
साठ वर्षं गुंते सोडवतेय मी.

हा गुंता नाही. जिभेच्या मुळाशी वेढा बसला असेल,
किंवा आणखी खाली, जिथे माझीही नजर पोचत नाही.
तू ओढशील, धागा ताठ होईल,
आतडं त्याच्यावर चुणत जाईल
नाडी ओढल्यावर कापड चुणतं तसं,
आणि मग हीच लोकर,
जिची अख्खी शाल तू अंगठीतून ओवून दाखवतेस,
पात्यासारखी आत शिरेल.

मिठाचं पाणी पाजू? आई पाजायची कुत्र्यांना.
नको.
तेल?
नको. दूध नको. उलटी काढू नको.
मग करू काय?
कात्री आण.

ती गेली. फोन फरशीवर.
मला घड्याळ ऐकू येत होतं, पत्र्यावरचा वारा,
आणि मांजराचं कोरडं गिळणं, परत परत,
एखादं न पटलेलं उत्तर गिळावं तसं.

कुठे कापू?
शालीच्या बाजूनं. तोंडाबाहेर हातभर राहू दे,
त्याला हात लावायचा नाही, कशात अडकू द्यायचा नाही.
न्यूझीलंडला जायचीय ही, ती म्हणाली. मार्चात बाळ येतंय.
आजवर एका शालीत मी मधे गाठ मारलेली नाही.

मी काही बोलले नाही.
फोनवर कात्रीचा आवाज येत नाही.
श्वासाचा येतो.

पहिली बोट सव्वासहाची. मग येल बेटाचा लांब काळा रस्ता.
मग दुसरी बोट. तिच्यावर रॅस्मीनं
दोन ट्रक मागे घ्यायला लावून हिची गाडी पुढे घेतली,
आणि मांजर पाहायला टोपी काढून वाकला.
लोकरीची टोपली रिकामी करून तिच्यात ठेवली होती पीरी.
ओस्ला पोचली तेव्हाही उजाडलं नव्हतं. शेटलंडचा जानेवारी.
तिच्या कोटाखाली रात्रीचा झगाच होता.

आतडं दोन जागी उघडावं लागलं.
धागा निघाला दोन वार, वर एक वीत.
त्याच्यासोबत पोटातून एक तांबडं रबरबँड,
जे पाहून ओस्ला पोस्टमनला असं काही म्हणाली
की माझी मदतनीस, लहानाची मोठी चर्चच्या अंगणात झालेली,
हसू दाबायला बाहेर गेली.

चौथ्या दिवशी न्यायला आली तेव्हा
पैसे मोजले, टाके तपासले, तिच्या परीनं नापास केले,
आणि म्हणाली, माझी लोकर?
मला वाटलं, थट्टा. ती हात पुढे करून उभी.
तीनदा धुऊन दिली मी. तिनं हुंगली, गुंडाळली,
पाकिटात टाकली.

शालीत ती वापरली की नाही, मला माहीत नाही.
फोटोत बाळाचं नाकच तेवढं दिसतं.

आजही कधी तरी रात्री फोन येतो. वारा कुठला, समुद्र कसा.
मग थोडा वेळ नुसती घरघर, मांजराची की लाइनची कळत नाही.
मी विचारते, हातात काय आहे, ओस्ला?
विणकाम, ती म्हणते. आणि हो,
डब्याला झाकण आहे. झाकणावर दगड आहे.
दगडावर पीरी बसलीय.