साल

शेफील्डच्या तळघरात, नळाखाली धरली की
ओकची फळी अजून चिखलाचा वास सोडते.
हंबरकाठच्या पडक्या मठातून आलेली.
शवपेटी क्रमांक चौदा, लांबी पावणेचार फूट.

ब्लेडने कड तासायची, खडूची पूड चोळायची,
मग वलयं उघडतात.
मी मोजते. दर दहाला टाचणीचं एक भोक.
फोन वाजला की मागच्या भोकावर परत.

इथे पाऊस बरा झालेला. इथे सलग तीन वर्षं
झाडाने पोट आवळलेलं,
वलयं केसाएवढी.

ऑड्री म्हणते, चांगला सुतार आपल्या कामाचा नाही.
तो बाहेरचं कोवळं लाकूड काढून टाकतो
आणि शेवटची वीस-पंचवीस वर्षं भुश्शात जातात.
मोठ्या पेट्यांपुढे आम्ही लिहितो :
अमुक सालानंतर, कधीतरी.

चौदा नंबरला रंधाच लागलेला नाही.
फळी वाकडी, खिळे दोन,
आणि एका कडेला, बोटभर,
चिकटून राहिलेली साल.

साल राहिली म्हणून साल कळलं.
शेवटचं वलय पुरं, पुढच्याची सुरुवात नाही,
म्हणजे झाड हिवाळ्यात तोडलं. ओलंच चिरलं.
नऊ आणि सोळा नंबरच्या फळ्याही याच झाडाच्या;
आलेखावर आलेख ठेवला तर रेघ हलत नाही.

ऑड्री चष्मा कपाळावर सरकवते.
"घाईत होता बिचारा."
एवढंच.

झाडाचं वय एकशे सत्याऐंशी.
पेटीतल्याचं, वरच्या मजल्यावर,
कुणी दातांवरून मोजतंय.
मी अजून विचारायला गेले नाही.