कोपराचा हिशेब

प्लास्टर कापलं त्या सकाळी
तेदोचं कोपर काटकोनात गोठलेलं होतं.
कोनमापकाचा खिळा मी हाडाच्या उंचवट्यावर टेकवला,
एक पट्टी दंडावर, दुसरी मनगटाकडे,
आणि म्हणाले, नव्वद.
तोही म्हणाला, नव्वद.
आमचं एकमत झालं ते तेवढंच.

ओनी गावातलं दोन खोल्यांचं रुग्णालय,
खाली रिओनी नदीचा आवाज,
आणि बासष्ट वर्षांचा सुतार,
ज्याने गावातल्या निम्म्या सज्ज्यांचे कठडे कोरले
आणि उरलेल्या निम्म्यांना नावं ठेवली.

पुढच्या आठवड्यात हात थोडा उघडला.
मी लिहिलं, सत्तर.
"एकशे दहा," तेदो म्हणाला.
आमच्या शास्त्रात सरळ हात म्हणजे शून्य,
वाकेल तसा आकडा चढतो.
त्याच्या धंद्यात सरळ फळी म्हणजे एकशे ऐंशी,
मोड आली की वजाबाकी सुरू.
एकच कोपर. मी त्याला लघुकोन म्हणते,
तो विशालकोन.
"बाई, तुम्ही मला बरं करताय की लहान?"

मग कानामागची जाड पेन्सिल काढून
तो दाराच्या चौकटीवर आपला आकडा लिहू लागला.
वहीत साठ, चौकटीवर एकशे वीस.
वहीत पंचेचाळीस, चौकटीवर एकशे पस्तीस.
माझं उतरत जायचं, त्याचं चढत,
बातमी एकच.

"आणि बाहेरचा?" एकदा त्याने विचारलं,
"कोपराच्या पाठीमागे उरतो तो?"
प्रविशाल कोन. दोनशे पंचवीस, त्या दिवशी.
"त्याला कुणी मोजत नाही," मी म्हणाले.
"टाके तर तिकडेच पडलेत."
मी वही मिटली. मग उघडली, आणि तोही लिहिला,
समासात, कारण त्याला रकाना नव्हता.

पेला ओठांना लागला तो दिवस :
माझे एकशे तीस, त्याचे पन्नास.
त्या दिवशी आकड्यावरून कुणी भांडलं नाही.

पडला कसा, हे त्याने फार उशिरा सांगितलं.
भिंतीच्या कडेला झुझुनाची कोंबडी अंड्यांवर बसली होती.
शिडी नीट उभी करायची तर तिला उठवावं लागलं असतं,
म्हणून शिडीचे पाय दोन हात मागे घेतले.
टेबलावर कोपर टेकवून, हात तिरपा धरून
त्याने दाखवलं, "अशी हवी होती. अशी लावली."
मी सवयीने मोजलं. पंच्याहत्तर. मग पंचावन्न.
इथे दोघांचंही शून्य टेबलावरच होतं,
वाद घालायला जागाच नव्हती.
"आणि पिल्लं?"
"नऊ निघाली," तो म्हणाला,
जणू वीस अंशांची पावतीच दाखवत होता.

शेवटी बारा अंश उरले.
वाळूची पिशवी, गरम पाणी, महिनाभर बाराच.
मला झोपेत बारा दिसायचे.
"एकशे अडुसष्ट," तो खांदे उडवून म्हणाला,
"आमच्या गावात याहून सरळ भिंत दाखवा."

मग कुणाला न विचारता
त्याने आमचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं,
जे सात वर्षं आम्ही लाथेने उघडत होतो.
गुण्या लावून पाहिला, जीभ टाळ्याला लावली :
खालचा कोपरा धड एकोणनव्वदही नव्हता.
चौकटीवरचे आकडे तेवढे त्याने राहू दिले.

आता अंगणात रंधा चालतोय,
अक्रोडाच्या सावलीत पातळ, वळलेल्या ढलप्या.
हात पुढे जातो, पुढे जातो,
आणि बारा अंश आधी थांबतो.
तिथे तेदो एक पाऊल टाकतो
आणि उरलेली वीतभर फळी पुरी करतो.