मिनिटभर हवा

लुईस बेटाच्या उत्तर टोकाला
दर तिसऱ्या मंगळवारी मी ग्रंथालयाची गाडी नेतो.
मागे पुस्तकं, पुढे माझा डबा,
आणि हाताशी असलेल्या खणात
कानातल्या यंत्राच्या बॅटऱ्या, सहाची एक चकती.
सही करायची, न्यायची. पैसे नाहीत.

इफी मॅकॉली, वय सत्त्याऐंशी.
माझ्या वहीत तिची शेवटची सही मागच्या मार्चातली.
एक चकती म्हणजे फार तर दीड महिना.
हे गणित मला येत होतं.
फेब्रुवारीपर्यंत मी ते केलं नाही.

भाचा यायचा. टॉर्मोड.
जुनी पुस्तकं परत, नवी हातात, मोठ्या अक्षरांची, कुठलीही.
"मावशी बरी आहे. हल्ली बोलत नाही फारशी."
माझ्या मुलाला फुटबॉल शिकवलाय त्यानं.
चर्चच्या जेवणाला मासळी त्याचीच.
अशा माणसाला काय विचारायचं?
गावात सगळेच एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात.
म्हणून आम्ही रीतसर कानाडोळा केला:
कान तिचे, डोळे आमचे.

मग खिडकीत तिचा हात दिसला.
नखं. एवढंच सांगतो.
आणि दाराची कडी बाहेरून होती.

मी फोन केला. नाव सांगितलं.
नंतर गाडीतच बसून राहिलो, हीटर लावून,
चोरी केल्यासारखा.

मला वाटलं होतं, कायदा म्हणजे निळा दिवा, बेड्या.
आली ती शोनाग गिलीस, काउन्सिलची,
ओल्या बुटांनी.
माझ्याकडून एक चकती घेतली, सहीसुद्धा केली.
दारात म्हणाली, "मला आत यायचा अधिकार आहे.
त्यांच्याशी एकटीनं बोलायचा आहे.
आणि मला उत्तर न द्यायचा अधिकार त्यांना आहे,
तो मी आधी सांगणार."
"तिला ऐकू येत नाही," टॉर्मोड म्हणाला,
"मी सांगतो ना तिच्या वतीनं."
"तेच तर," शोनाग म्हणाली.

पुढचं इफीकडून. शोनाग काही सांगत नाही,
तिला सांगता येत नाही.

पट्टी सोलल्यावर बॅटरी लगेच घालायची नसते.
मिनिटभर उघडी ठेवायची,
हवा आत शिरते, मग ती जागी होते.
ते मिनिट शोनाग गप्प बसली.
अकरा महिन्यांनी इफीला पहिला आवाज आला
भिंतीवरच्या घड्याळाचा.
चालू होतं, याचंच नवल.
दुसरा आवाज, एक प्रश्न:
"तुम्हाला काय हवंय?"

माझी इच्छा, तिनं म्हणावं, त्याला आत टाका.
ती म्हणाली, केस कापायला कुणी बोलवा.
बँकेचं कार्ड माझ्या उशाखाली ठेवा.
कडी आतून बसवा.
आणि टॉर्मोडनं यावं, पण दुपारी,
दार वाजवून.
घर मी सोडणार नाही.

शोनागनं तीनदा विचारलं, तीन वेगळ्या दिवशी,
हे तुम्ही बोलताय की भीती बोलतेय?
कायद्यात त्याला शब्द आहे, अवाजवी दबाव.
"दबाव मला ठाऊक आहे," इफी म्हणाली,
"तीन हंगाम हेरिंग दाबलीय पिंपांत, मिठासकट.
हा हट्ट आहे."
शोनागनं तसंच लिहून घेतलं.

पैशांची चौकशी अजून चालू आहे.
चर्चमध्ये माझ्या बाकावर हल्ली ऐसपैस जागा असते.

काल मंगळवार. ती स्वतः आली,
चालण्याची चौकट वाऱ्यात रेटत.
दोन चकत्या मागितल्या. नियम एकीचा आहे.
दिल्या.
"पुस्तक?" मी विचारलं, जरा मोठ्यानं.
"ओरडू नकोस," म्हणाली, "येतंय ऐकू.
टॉर्मोडनं एकच पुस्तक चारदा आणलं होतं.
शिक्का तू मारत होतास."