भट्टीत न जाणारं

मैदा आधी भाजायचा, सहस्रा.
पांढराशुभ्र दिसतो म्हणून साधा समजू नकोस त्याला.
शेतातून गिरणीत, गिरणीतून पोत्यात, पोत्यातून पुडीत,
एवढ्या प्रवासात विस्तव कुठंच भेटलेला नसतो.
अंडं तर आपण घालणारच नाही,
पण पोट बिघडवायला नुसता कच्चा मैदाही पुरतो,
हे मला चाळिशीला आल्यावर कळलं.

जाड बुडाची कढई, आच बारीक,
आणि उलथनं थांबवायचं नाही.
चांगला चटका बसेल इतका तापू दे, सगळीकडून.
रंगाकडं नको बघू, रंग उशिरा बोलतो,
वास आधी.

तुझ्याएवढी होते तेव्हा, दिवाळीच्या आठवड्यात
साखर पेठेतल्या एका बेकरीपुढं ओळ लागायची,
मैद्याचे, साखरेचे, डालड्याचे डबे घेऊन.
डब्यावर खडूनं नाव : म्याकल. नंबर एकसष्ट.
हुसेनबाशा तळहाताच्या टाचेनं डालडा-साखर फेसायचा,
गुडघ्यावर बसून, लाकडी काटवटीत.
त्यानं घाम पुसायला मान वळवली
आणि मी एक गोळा उचलला.
अजून जिभेवर आहे तो,
साखर न विरघळलेली, दातात कचकच.
आईनं दिवसभर विड्या वळलेल्या हातानं
एक ठेवून दिली. "जंत होतील."
तीन रात्री मी जंतांची वाट बघितली.
आले नाहीत.
पण नशीब म्हणजे काही कृती नव्हे,
वहीत उतरवून घेता येत नाही ते.

हं, आता गार होऊ दे.
पंखा बंद कर, नाहीतर अख्खं घर पांढरं होईल.
माहितीय मला, एप्रिल आहे.
या गावात लोणी मऊ करायला काही करावं लागत नाही,
कागद सोडला की स्वतःच शरण येतं.
गार करणं, तेच अवघड.
परातीत पाणी, पाण्यात ताट, ताटात मैदा,
आणि कडेला आपण दोघी, पदरानं वारा घेत,
पाहुणा कधी उठतोय बघत बसल्यासारख्या.

तेवढ्यात लाईट गेली.
शेजारच्या पत्र्याखालचे चारही माग एकदम गप्प.
मिक्सरमध्ये साखर अर्धवट.
उरलेली तू खलबत्त्यात कुटलीस,
सगळ्या गल्लीत तेवढा एकच आवाज.

चाळून घेतलेला मैदा, लोणी, पिठीसाखर,
उकळून गार केलेलं दूध दोन चमचे, जास्त नको.
चिमूटभर मीठ. व्हॅनिलाचे चार थेंब.
सोडा?
नाही. याला फुगायचंच नाहीये.
याला कुठं जायचं नाही, ओळीत उभं राहायचं नाही,
एकसष्ट कधी पुकारतात म्हणून कान द्यायचे नाहीत.
चॉकलेटचे तुकडे सगळ्यात शेवटी,
नाहीतर हाताच्या उबेनं गोळा मातकट होतो.
झालाच. असू दे.

तू आधी चमच्यानं खाल्लंस, मग बोटानं.
मीपण.
दाताखाली साखर कचकचली, खलबत्त्यातली,
आणि माझा हात आपोआप गालाकडं गेला.

साडेसातला बाबा आला, टॉवेलच्या कारखान्यातून,
भुवयांवर, दंडावर सुताची पांढरी धूळ.
एक गोळा तू वाटीखाली झाकून ठेवला होतास.
त्यानं मेणबत्तीच्या उजेडात वाटी उचलली. "इदेंटी?"
बोटानं दाबून बघितलं. "कच्चंच हाय की हे,"
आणि तवा शोधायला लागला.

तू गॅसच्या पुढं आडवी उभी राहिलीस.
"कच्चं आहे, पण भाजलेलं आहे."
बाबानं जरा वेळ विचार केला.
हात धुतले, कोपरापर्यंत, परत एकदा धुतले,
आणि खाल्लं.
"साखर राहिलीय थोडी," तो म्हणाला.
"राहू दे."