तूट धरून

त्रिशला मगदूमनं कागद हातात दिला तेव्हा
मिरजेच्या त्या दवाखान्यातला पंखा बंद होता.
नऊ आठवडे. आठवड्यातून तीन दिवस.
एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा.
"आणि काका, विचार चांगला ठेवा," म्हणाली.
एकतीस वर्षं मी हळदीच्या अडतीत खातेवही लिहितोय,
चांगला विचार कुठल्या रकान्यात मांडतात
मला माहीत नव्हतं.

पहाटे साडेपाच. आमराईत अंधार अजून झाडांना धरून.
एक मिनिट म्हणजे किती, ते त्या दिवशी कळलं.
पोट एकीकडे, छाती दुसरीकडे,
गुडघे तर तिसऱ्याच कुणाचे.
नाक पुसलं, रुमाल पिवळा झाला,
एकतीस वर्षांतली थोडीशी हळद
बाहेर यायला वाट बघत होती जणू.
बाकावरून भरमू अण्णा ओरडले,
"काय दिवाणजी, कोण लागलंय मागं?"
"साखर," म्हणालो,
आणि तेवढ्यातच दम संपला.

पळायला लागलं की माझ्यात एक खरेदीदार जागा होतो.
पोत्यात परखी खुपसावी तसं
बरगडीखाली काहीतरी खुपसतो,
चार कांड्या तळहातावर घेऊन तोंड वाकडं करतो :
ओल आहे. कीड आहे. बावन्न वर्षांचा जुना माल.
बोली पाडत पाडत शून्यावर आणतो.
मी मान डोलावतो
आणि चालायला लागतो.

तरी चौथा आठवडा कसाबसा उरकला.
मग मार्चअखेर आली.
नऊ दिवस बूट खोक्यात,
खोकं टेबलाखाली, टेबलावर वह्यांचा ढीग.
दहाव्या रात्री कागद फाडायलाच घेतला होता,
एवढ्यात कोकाट्यांच्या गाडीचा हिशेब समोर आला :
एकशे ऐंशी पोती, बेचाळीस किलो कमी.
मालक चष्मा न काढता म्हणाले,
"हळद आहे, वाळणारच.
तूट लिहा, बाकी पुढे ओढा."

लिहिली.
दर मोसमात लिहितो. हात आपोआप लिहितो.
कोकाट्यांची, पाटलांची, कुणाकुणाची तूट
मी न रागावता लिहिली आजवर,
माल परत पाठवला नाही की पान फाडलं नाही.
पेन तसंच धरून बसलो.
मग त्रिशलाचा कागद उलटा केला
आणि मागं बारीक अक्षरात मांडलं :
तूट, नऊ दिवस.
बाकी पुढे.

चौथ्यापासून परत सुरू.
लाज वाटली, पण ती पहिल्या फेरीत घामाबरोबर गेली,
दुसऱ्या फेरीत परत आली,
येऊ दे म्हटलं.
खरेदीदारही आलाच, परखी घेऊन.
आता मी त्याच्याशी भांडत नाही.
ओल आहे, खरं आहे. कीडही असेल.
बघ, नीट बघ,
पण आज सौदा नाही.
तो बाजूबाजूनं पळत राहतो बिचारा,
त्यालाही दम लागतो.

भरमू अण्णा पेपरातून मान वर न काढता :
"आज किती?"
"पाच."
"रुपये?"
"मिनिटं. न थांबता."
"मग भाव चढलाय की."

मी हसलो, त्यामुळं श्वास चुकला,
तो दुरुस्त करेपर्यंत फाटक आलं.
रुमाल काढून बघितला.
अजून पिवळा निघतोय.