इर्जिक

एकोणिसाव्या दिवशी
मी चुलीवर दूध ठेवलं आणि समोरच बसले.
ते वर येताना पाहत होते.
उतू गेलं, विस्तवावर चर्र झालं,
तरी कळेना की अशा वेळी उठायचं असतं.

रडत नव्हते मी. हे सांगून ठेवते,
कारण नंतर सगळ्यांनी तेच विचारलं.

वेचणीचे दिवस. उजाडता उजाडता गल्ली रिकामी,
कमरेला ओटे बांधून बाया वावरात.
सासूबाई जाता जाता म्हणाल्या,
"आमी त बाराव्या दिशी वावरात होतो."
वाईट नव्हत्या बोलत.
पोटरीवरचा जुना वण दाखवावा, तसं.

आशाताई, कुंदा मेश्राम, चौथ्या खेपेला आली.
काट्याच्या झोळीत लेकरू टांगलं,
तीन किलोला शंभर ग्रॅम कमी. "बेस हाय," म्हणाली.
मग माझी पापणी खाली ओढून
आत पाहत राहिली,
डब्यात पीठ किती उरलं ते पाहावं तशी.

"रात्री सलग किती झोपतेस?"
मी बोटं मोजायला घेतली.
पहिल्याच बोटावर थांबले.
हात पदराखाली घेतला.

लाल गोळ्यांची पानं फळीवर तशीच होती,
मळमळतं म्हणून राहिलेली.
जेवून घे, म्हणाली, वरणावर लिंबू पीळ,
वरून लगेच चहा नको.
"अन् तुले जे खरं पाह्यजे
ते माह्या पिशवीत नाही."

ती पंचफुलाबाईंकडे गेली, तिथून रेहाना भाभीकडे,
तिथून कुठं, मला माहीत नाही.

आमच्याकडे इर्जिक असते.
कोणाचं पेरणं मागं पडलं, बैल बसला,
की लोक आपापलं औत घेऊन त्याच्या धुऱ्यावर येतात.
पैसा नाही. संध्याकाळचं जेवण तेवढं.
पण ती शेताची.
झोपेची इर्जिक मी कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दुपारी पंचफुलाबाई दारात,
बोटांना बोंडांचे ओरखडे.
"पाजलं ना? आण लेकरू इकडं. तू जाय, पड."
"पण भांडी..."
"भांडे कोठी पयून जात नाहीत."

दारावर गोधडी टांगली, उजेड अडवायला.
त्या दिवशी झोपलेच नाही मी.
डोळे मिटले पण कान उघडे,
गल्लीत कोणाचंही पोर रडलं की पान्हा फुटे, पोलकं भिजे.
पाऊण तासानं उठले, चोरासारखी.

रेहाना भाभी आली ती अछवानी घेऊन,
वाफाळती, सुंठीनं नाक झोंबणारी.
धाकटी जाऊ आली. शाळेतून येऊन तिची पोरगीही बसली,
लेकराला पाढे ऐकवत.

पाचव्या दिवशी सासूबाई भर दुपारी परतल्या.
कापूस निम्माच भरला होता त्यांचा, मजुरीही निम्मी.
कोणी काही विचारायच्या आत
मला पालथी निजवून तेल लावायला बसल्या.
अंगठा कमरेखाली एका जागी थांबला.
"इथंच ना?"
मी हूं म्हटलं.
"माह्यंबी इथंच दुखे."
तेल मुरेपर्यंत गप्प.
मग म्हणाल्या, "अजून दुखते."

मी त्यानंतर झोपले.
खरी झोपले, विहिरीत दगड जावा तशी.
जाग आली तेव्हा दिवे लागले होते.
वार कोणता, आठवेना. गोधडीपलीकडे
रात्रपाळीला निघायच्या आधी विलास बसलेला,
लेकरू मांडीवर, मान नीट न धरता,
आणि कोणाला तरी दटावत होता,
"हयू बोल ना बे. झोपली हाय ते."

इर्जिकीचं जेवण अजून माझ्याकडे बाकी आहे.
सव्वा महिना होऊ दे.
वरच्या आळीत गोदा मडावीला सातवा लागलाय,
तिच्यासाठी गोधडी धुऊन ठेवली आहे मी.

आणि ही एक जुनी बाकी, तीस वर्षांची.
ती कशी फिटते, ठाऊक नाही.
तेल कोमट केलंय.
सासूबाई नको नको म्हणतात,
पण पालथ्या झाल्यात.