दोन बादल्या

दर रविवारी टाकीतलं दोन बादल्या पाणी बदलतो.
नळाचं आदल्या रात्रीच भरून ठेवायचं,
क्लोरीन उडून जायला.
तेही खडकवासल्याचंच,
नदीने न येता पाइपाने आलेलं.

तळाशी वेल्ह्याच्या ओढ्यातले गोटे,
गोट्यांना चिकटलेले सहा मळे मासे.
फिल्टरची धार जिकडून येते
तिकडे तोंड करून असतात दिवसभर,
वर कुठेतरी डोंगर असल्यासारखे.

केबलवाल्या तारूचे वडील एकदा सोबत आले होते.
टीव्हीकडे बघेनात.
गुडघे धरत काचेसमोर बसले.
"ओंकारेश्वराच्या खाली पाय सोडून बसलं ना,
की टाचा कुरतडायचे हे."
मग बराच वेळ काही नाही.
"आता चिलापी. तीही तोंड वर काढून."
पोराने जिन्यातून हाक मारली तरी उठले नाहीत.

जुनं पाणी मी मोरीत ओततो.
पिवळट, शेवाळी, माशांच्या घाणीचं.
ते कुठे निघतं ते खिडकीतून दिसतं:
भिडे पुलाच्या अलीकडे,
जलपर्णीच्या खाली.

आठवडाभरात तिच्यात पडणारं
सगळ्यात स्वच्छ
बहुतेक तेच असावं.